सयाजीच्या अंगठ्याखालची गाठ

सयाजी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावण्याआधी कोरडा अंगठा लावतो. कानाच्या पाळीखालून सुरू करतो आणि जबड्याच्या हाडावरून हनुवटीपर्यंत येतो, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. याला तो ‘रस्ता बघनं’ म्हणतो. त्याच्या वडलांनी, येडूमामांनी, त्याला हेच पहिलं शिकवलं: आधी अंगठ्यानं बघायचं, मग वस्तऱ्यानं. शुक्रवार पेठेत त्याचं तीन खुर्च्यांचं सलून आहे. त्यातली एक खुर्ची कायम मोडलेली असते. ती दुरुस्त झाली की दुसरी मोडते. पण इतक्या वर्षांत त्याच्या हातून कुणाला कापलेलं मी पाहिलं नाही, आणि मी दर रविवारी तिथे असतो.

कुणी नवी कवळी बसवली, कुणी सासुरवाडीला चार दिवस दाबून जेवून आलाय, कुणाची झोप उडालीय, हे त्याला गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत कळतं. एकदा मला म्हणाला, “साहेब, झोपंत दात खाताय. हापिसात कुनाशी वाजलंय?” वाजलं होतं. ते मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

माझं नाव दिपक शिवशरण. पोस्टात नोकरी, शेवटची काही वर्षं आधारच्या काउंटरवर. दिवसभर माणसांचे फोटो काढायचे. आपला फोटो पाहून खूश झालेला माणूस महिन्यातून एखादा भेटायचा. बाकी सगळे म्हणणार, “अहो, मी असा दिसतो होय?” मी त्यांना ऐकवायचो की चेहऱ्यात काय आहे, माणूस चांगला पाहिजे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आमच्या घराचं आणि या सलूनचं नातं माझ्या वडलांपासूनचं. अण्णा विशीत असताना गिरणीत कामाला म्हणून सोलापुरात आले. गावात आमच्या माणसांच्या गालाला न्हावी हात लावत नसे. आमचे लोक एकमेकांची दाढी करत, नाहीतर आरशाचा तुकडा खुंटीला टांगून आपली आपण. इथं गिरणीतल्या एका मित्रानं त्यांना येडूमामांच्या खुर्चीत बसवलं. मामांनी नाव विचारलं, गाव विचारलं. ते ऐकून मामा आता काय म्हणतात म्हणून अण्णा अर्धे उठले होते. मामांनी खांदा दाबून त्यांना खाली बसवलं, जबड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हाड चांगलं हाय.” हे वाक्य अण्णा मरेपर्यंत सांगत. आम्हा भावंडांना ते पाढ्यांसारखं पाठ होतं.

नंतर एकदा, मी दहावीत असेन, अण्णा गालावर तीन ठिकाणी तुरटी लावून घरी आले. सदऱ्याच्या कॉलरला रक्त, आणि स्वतःशीच हसत होते. आई विचारून विचारून थकली. अण्णांनी काही सांगितलं नाही, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच सलूनमध्ये गेले.

तर अण्णांचं ते हाड माझ्याकडे आलं. घरातली बाकी सगळी आईच्या वळणावर गेली, जबडा तेवढा मला मिळाला, आणि मला त्याचा आतल्या आत फार अभिमान होता. पुढे उजव्या बाजूच्या तीन दाढा काढाव्या लागल्या. दाढा गेल्यावर खालचं हाडही हळूहळू झिजतं म्हणे. ती बाजू बसत गेली, वरचं मांस ओघळलं. रोज आरशात बघणाऱ्याला असलं काही कळत नाही. मला कळलं ते पेन्शनच्या कागदांसाठी नवराबायकोचा जोडफोटो काढला तेव्हा. राजश्री माझ्यापेक्षा फक्त चार वर्षांनी लहान. तिनं फोटो हातात घेतला आणि म्हणाली, “अहो, यात मी बायको आहे की मुलगी?”

तिनं थट्टा केली आणि विसरून गेली. मी काही विसरलो नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टर ऋतुजा आधारचा पत्ता बदलायला माझ्या काउंटरवर आली. तिशीची मुलगी, सात रस्त्याजवळ तिचा त्वचेचा दवाखाना. मी इकडंतिकडं बघून, जणू शेजाऱ्याची अडचण आहे अशा सुरात, बसलेल्या जबड्याला काही उपाय असतो का म्हणून विचारलं. ती हसली नाही. दवाखान्यात बोलावलं आणि नीट समजावून सांगितलं. आपल्या शरीरात असतंच त्या जातीचं एक जेल हाडाच्या कडेनं सुईनं भरायचं, त्याला फिलर म्हणतात. कड पुन्हा वर येते. कायमचं नसतं, वर्ष-दीड वर्षात आपोआप विरघळतं. सूज येईल, काळंनिळं होईल, आणि क्वचित जेल रक्तवाहिनीत गेलं तर मोठा धोका असतो, हेही तिनं लपवलं नाही. मी विचार करायला दोन दिवस घेतले आणि सही केली.

आधी बधिर करायचं मलम, मग सुया. अर्ध्या तासात काम झालं. तिनं हातात आरसा दिला. मी बघितलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, कारण आरशात अण्णा होते.

“काका, दुखतंय का?” तिनं घाबरून विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “ओळखीचं कुणीतरी दिसलं.”

निघताना तिनं बजावलं, “दोन आठवडे इथं दाबायचं नाही. मसाज तर अजिबात नाही. हाताला थोडं कडक लागेल, ते नंतर बसतं.”

घरी मी दाढ दुखतेय म्हणून सांगितलं. एकोणसाठ वर्षांचा माणूस गाल भरून आला म्हटल्यावर लोक काय म्हणणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. राजश्रीनं आठवडाभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, त्या मी इमानदारीनं केल्या. सूज उतरल्यावर ती माझ्याकडे बघत म्हणाली, “बारीक झालात का हो? चांगलं दिसतंय.” मी नुसता हूं म्हटलं आणि मनात लाडू फुटले.

पहिला रविवार मी बुडवला. दुसऱ्या रविवारी, दहाव्या दिवशी, सलूनमध्ये गेलो. आज मसाज नको असं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. अंगठ्याची मात्र आठवणच झाली नाही. तो इतक्या वर्षांचा होता की तो काही वेगळा प्रकार आहे हेच डोक्यात नव्हतं.

सयाजीचा अंगठा कानाखालून निघाला आणि मध्येच थांबला. मागं गेला, पुन्हा आला, तिथंच थांबला. मग त्यानं दाबलं.

“अरे, दाबू नको!” मी ओरडलो.

सयाजीनं हात काढला. कोपऱ्यातला टीव्ही बंद केला. “कवापासनं हाय ही गाठ?”

“गाठ कसली? दाढेची सूज आहे.”

“दाढंची सूज मऊ आसती साहेब. ही हाडाला चिकटून बसलीया.” तो माझ्या कानाशी वाकला. “डाक्टरला दावा. उद्याच्या उद्या.”

मी बघतो म्हणालो. त्यानं दाढी केली, पण नेहमीचा चहा सांगायचा विसरला. मी घरी आलो तो मनातल्या मनात हसतच. आपलं गुपित एका अंगठ्यानं पकडलं आणि तरीही त्याला काही समजलं नाही, याची मला गंमत वाटत होती.

सोमवारी सलून बंद असतं. त्या सोमवारी संध्याकाळी सयाजी इस्त्रीचा शर्ट घालून, घरच्या शेंगाचटणीची पुडी घेऊन आमच्या दारात उभा. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर बसून राजश्रीला सांगत होता.

“वहिनी, मार्केट यार्डात धोंडिराम म्हनून हमाल हुता. कांद्याची पोती उचलायचा. त्येच्या जबड्याखाली माज्या अंगठ्याला गाठ लागली. मी गप ऱ्हायलो. म्हटलं, आपुन दाढी करनारं मानूस, आपल्याला कुनी इचारलंय? खुर्चीत बसल्याल्या मानसाला असलं बोललं की अपशकुन म्हंत्यात, गिऱ्हाइक तुटतं. अकरा महिन्यांनी मी त्येच्या घरी जाऊन दाढी केली. तवा अर्धा जबडाच न्हवता वहिनी. वस्तरा कुटं लावायचा ते कळंना.”

राजश्रीनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“त्या दिवशी ठरवलं, आता गप बसायचं न्हाय. मग एका दुकानदाराला सांगितलं, तर निघाली पिकल्याली दाढ. त्यो रस्त्यात उभा ऱ्हाऊन वरडला, सयाजीच्या खुर्चीत बसलं की आजार लागतोय म्हनून. सा म्हैने निम्मी गिऱ्हाइकं आली न्हाईत. तरी बी मी सांगनारच. साहेबास्नी डाक्टरकडं न्या.”

तो गेला. राजश्री रडायला लागली. मग काय, मला सगळं ओकावं लागलं. तिनं मला ट्यूबलाइटखाली उभं केलं, हनुवटी धरून तोंड इकडून तिकडून फिरवलं, हलकेच बोट लावून बघितलं आणि तोंडात पदर कोंबून हसत सुटली. हसून झाल्यावर चिडली.

“छान दिसतंय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला सांगितलं असतं तर मी सोबत आले असते. पण त्या माणसाला आता काय सांगणार?”

“सांगतो काहीतरी.”

“काहीतरी नको. खरं सांगा.”

रविवारी मी खरं सांगायच्या तयारीनंच गेलो. पण सलून भरलेलं होतं. बाकावर चार ओळखीची तोंडं, त्यातलं एक आमच्या ऑफिसातलं. मी खुर्चीत बसलो आणि माझी जीभ आपोआप वळली. “दाखवलं रे डॉक्टरला. गाठबिठ काही नाही म्हणाले.”

सयाजीनं अंगठा फिरवला. एव्हाना जेल बसून मऊ झालं होतं. कडक काही लागलं नाही. त्यानं आपल्या अंगठ्याकडे बघितलं, आणि मग त्याचा चेहरा असा उजळला की मला खुर्चीतून पळून जावंसं वाटलं. “बरं झालं साहेब. लई बरं झालं!” त्यानं सगळ्या सलूनला चहा सांगितला. माझा कप मी तसाच आरशापुढे ठेवून दिला.

पुढच्या रविवारी त्यानं एकदम साबणाचा ब्रश हातात घेतला.

“रस्ता नाही बघितलास?”

“कशाला? दोनदा चुकला की त्यो. म्हातारा झाला अंगठा.” हे तो हसत म्हणाला. त्याच्याही पुढच्या रविवारपर्यंत सलूनमध्ये कुणाच्याच जबड्यावर अंगठा फिरेनासा झाला होता. दाढी गुळगुळीत होत होती, चूक काढायला जागा नव्हती. पण येडूमामांनी शिकवलेली पहिली गोष्ट माझ्या एका थापेनं बंद पडली होती, आणि ते तिथे फक्त मला माहीत होतं. मी सलूनच्या आरशात माझा नवा जबडा बघायचं टाळायला लागलो.

त्या रविवारी खुर्चीत भीमा होता. होटगी रोडला रिक्षा चालवतो, तिशीतला, गालात कायम तंबाखूचा मावा. माझा नंबर त्याच्यानंतर होता, म्हणून मी बाकावर पेपर घेऊन बसलो होतो. सयाजीनं फेस लावला, तोंड वळवायला भीमाची हनुवटी धरली, आणि त्याची बोटं उजव्या जबड्याच्या खाली थांबली. क्षणभरच. मला आरशात सयाजीचा चेहरा दिसत होता. त्यानं बोटांकडे बघितलं, ती टॉवेलला पुसली आणि वस्तरा उचलला.

मला धोंडिराम आठवला. त्या माणसाला मी कधी पाहिलंही नव्हतं, तरी आठवला. मी उठलो.

“सयाजी, थांब जरा.”

“काय साहेब?”

“मागं तुला माझ्या जबड्याला गाठ लागली होती ना, ती खरी होती.”

बाकावरची सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

“विकतची होती. सात रस्त्याला जाऊन सुईनं भरून घेतली. हा जबडा बसला होता, मला तो अण्णांसारखा पाहिजे होता. तुझा अंगठा चुकला नव्हता. मी खोटं बोललो.”

बाकावर हशा उसळला. “साहेब, पिक्चरमदी जाताय काय?” “आवो, आमच्या डोक्यावर बी काय भरता येतंय का इचारा की!” हसतील त्यांचे दात दिसतील, मी मनाशी म्हटलं. पण कान तापले होते.

सयाजी तेवढा हसला नाही. हात पुसून माझ्याजवळ आला आणि दोन आठवड्यांनी अंगठा लावला. डोळे मिटून सावकाश फिरवला. “हितं एक, मोठी. तिच्या म्होरं दोन बारकी. डावीकडं एकच. अन् हनुवटीच्या टोकाला एक. मऊ झाल्यात, पन हायती.” नंतर मी डॉक्टर ऋतुजाला विचारलं, तर तिच्या कागदावर त्याच पाच जागा होत्या.

“म्हंजे मी एकदाच चुकलो,” तो म्हणाला. आणि मग त्याचा आवाज चढला. “रोज रोज अंगठ्याला शिव्या घालत हुतो साहेब मी. वस्तरा सोडायचा इचार केलता. एक शब्द बोलला असता तर काय झालं असतं?”

“माफ कर,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्यानं मान हलवली आणि फेसानं माखलेल्या भीमाकडे वळला. “भीमा, राग मानू नगंस. तुज्या जबड्याखाली गाठ हाय.”

“माजी बी विकतची हाय काय?” भीमानं दात काढले.

“तुजी फुकटची हाय. म्हनूनच दावायला पायजे.”

भीमानं फेसातूनच जबड्याखाली चाचपून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. सयाजीचा सोमवार मोकळाच होता. आम्ही दोघं भीमाच्याच रिक्षात बसून त्याला सिव्हिलला घेऊन गेलो. तपासण्यांत पंधरा दिवस गेले. लाळेच्या ग्रंथीत गाठ होती. वाईट नव्हती, पण राहू दिली असती तर पुढे काय झालं असतं याची खात्री नव्हती. ऑपरेशन करून ती काढली. भीमा आता पुन्हा होटगी रोडला असतो. जबड्याखाली छोटा खड्डा पडलाय, त्यावर त्यानं दाढी राखलीय आणि ती सयाजी कोरून देतो. मावा सुटला म्हणतो. मी अर्धं खरं धरतो.

पेठेत ही गोष्ट पसरली. ज्यांनी अपशकुन म्हणून खुर्ची सोडली होती तेही परत आले. आता काहीजण दाढी नसली तरी येतात आणि जबडा पुढे करतात. सयाजी त्यांना बजावून सांगतो, “मी डाक्टर न्हाय. मी निस्ता रस्ता बघतो.” आणि मला अजून लोक पिक्चर कधी येतोय म्हणून विचारतात. विचारू देत. पेन्शनचा जोडफोटो मी दुसरा काढून दिला. त्यात राजश्री माझी बायको दिसते.

दीड वर्ष गेलं. मी निवृत्त झालो. एका रविवारी सयाजीचा अंगठा फिरला आणि तो म्हणाला, “साहेब, माल संपला. समदं इरघळलं.”

“पुन्हा भरू का?”

“भरा की! आन्नांचं हाड हाय, बुजू देऊ नगा.” मग आरशातून माझ्याकडे बोट करून म्हणाला, “पन या टायमाला सांगून भरा.”

म्हणून या वेळी मी सोमवार गाठला आणि त्यालाही सोबत नेलं. राजश्रीही आली. डॉक्टर ऋतुजानं मला खुर्चीत बसवून खुणा करायची पेन्सिल घेतली. सयाजी दाराशी चपला काढून उभा होता.

“तुम्हीच का ते?” तिनं विचारलं. “या ना. तुम्हीच सांगा कुठं कमी आहे.”

सयाजीनं बेसिनवर साबणानं हात धुतले, कोरडे केले आणि माझ्या जबड्यावर अंगठा ठेवला. “हितं. जरा मागं घ्या. कानाच्या बाजूला नगं, तितं अजून जरा हाय.” ती त्याच्या अंगठ्यामागून खुणा करत गेली. मग तिनंही आपल्या बोटांनी चाचपून बघितलं आणि एकच खूण थोडी सरकवली.

“इतकं कसं कळतं हो तुम्हाला? कुणी शिकवलं?”

“वडलांनी. पन शिकलो ह्येंच्या आन्नांवर.”

मी मान वळवायला गेलो. डॉक्टरनं ती धरून सरळ केली.

“सोळा वर्साचा हुतो,” सयाजी सांगत होता. “वडील म्हनले, आज पोरगं वस्तरा धरनार, गाल कोन देतंय? समदी गिऱ्हाइकं उठून भायेर गेली. ह्येंचे आन्ना बसून ऱ्हायले. मला म्हनले, ये. माज्या गालाला कुनी हात लावत न्हवतं, तुज्या बापानं लावला. तू काप, पन शीक. तीन ठिकानी कापलं मी त्येंना. मी रडाय लागलो, अन् आन्ना हसत हुते. म्हनले, घरी कुनाला सांगत न्हाय.”

तुरटी लावलेल्या त्या तीन जागा माझ्या डोळ्यांपुढे आल्या. खुर्चीच्या मागं राजश्री उभी होती, तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझी हनुवटी थरथरायला लागली.

“हलू नगासा साहेब,” सयाजी म्हणाला. त्याचा अंगठा अजून तिथंच होता. “हाड चांगलं हाय.”